पहिलं धनुष्य किती पौंडांचं?

दुकानातल्या धनुष्याच्या खालच्या पात्यावर, आतल्या बाजूला, बारीक अक्षरांत एक ओळ लिहिलेली असते: ‘३० पौंड, २८ इंच’. धनुष्य पहिल्यांदा हातात घेणारा माणूस लाकडाचा रंग बघतो, मूठ हातात कशी बसते ते बघतो, दोरीवर बोट फिरवून बघतो. ही ओळ मात्र वाचायची राहून जाते. घेतलेलं धनुष्य पुढची दोन वर्षं रोज हातात राहणार की महिनाभरात माळ्यावर जाणार, हे बऱ्याच अंशी त्या ओळीवर ठरतं.

ओळीचा अर्थ सोपा आहे. दोरी २८ इंचांपर्यंत मागे ओढली, तर त्या क्षणी बोटांवर ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास ताण येतो. धनुर्विद्येच्या मैदानावर याला पाउंडेज म्हणतात. साध्या, पारंपरिक धनुष्यात हा ताण दोरी मागे येईल तसा वाढत जातो आणि पूर्ण ओढीला सर्वांत जास्त असतो. म्हणजे नेम धरायच्या वेळी, हात सगळ्यात शांत हवा असतो तेव्हाच, धनुष्य सगळ्यात जास्त जोर मागतं.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येऊ लागला आहे. चिपळूण तालुक्यातल्या डेरवण इथे श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टचं क्रीडासंकुल आहे. तिथे भरणाऱ्या डेरवण यूथ गेम्समध्ये कबड्डी, खो-खो, मल्लखांबाच्या बरोबरीने धनुर्विद्याही असते. शालेय स्पर्धांतही हा खेळ आहे आणि त्यात रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं आधुनिक धनुष्य) आणि कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) यांच्या जोडीला ‘इंडियन राउंड’ असतो. इंडियन राउंड म्हणजे बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य. त्याला नेमासाठी साइट नाही, तोल सांभाळायला लांब दांडे नाहीत. मोठ्या गटातली मुलं त्यावर ३० आणि ५० मीटरवरून बाण मारतात. महागड्या साहित्याशिवाय खेळात शिरायचं हे दार आहे, त्यामुळे गावाकडच्या मुलाचं पहिलं धनुष्य बहुधा याच जातीचं असतं.

त्यात ५ ऑगस्ट २०२३ हा दिवस येऊन गेला. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत या प्रशिक्षकांकडे तयार झालेले. मराठी घरांत धनुष्याचं कौतुक त्या दिवसापासून वाढलं, ही आनंदाची गोष्ट आहे. घोटाळा एवढाच झाला, की कंपाउंडचे आकडेही लोकांच्या डोक्यात बसले. ‘ती मुलगी एवढे पौंड ओढते, मग आमचा मुलगा चाळीस का नाही ओढणार?’

कंपाउंड धनुष्याच्या टोकांना चाकं असतात. दोरी मागे येताना एका ठिकाणी पूर्ण जोर लागतो आणि त्यानंतर ती चाकं भार स्वतःवर घेतात. ५० पौंडांच्या कंपाउंडवर ७५ टक्के भार असा कमी झाला, तर नेम धरताना हाताकडे उरतात जेमतेम साडेबारा पौंड. बांबूच्या धनुष्यात ही सवलत नाही. तिथे ४० म्हणजे शेवटपर्यंत ४०. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला, की नवशिक्याच्या गळ्यात भलतंच वजन पडतं.

दुसरे फसवे आकडे येतात शिकारीच्या जगातून. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी धनुष्य किमान अमुक पौंडांचं हवं असा नियम आहे आणि तो ठिकठिकाणी ४० पौंडांच्या आसपास आहे. तिथले शिकारी आपापसात बोलतात तेव्हा ४५-५० हा त्यांच्या दृष्टीने साधारण आकडा असतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. आपल्याकडे बाण जातो तो पेंढ्याच्या किंवा फोमच्या लक्ष्यावर लावलेल्या कागदात. कागद फोडायला ताकद लागत नाही. दहा मीटरवरून तर १५ पौंडांचं धनुष्यही बाण नीट रुतवतं आणि वीस-बावीस पौंडांवर ३० मीटर सहज गाठता येतात.

तरीही हात जड धनुष्याकडेच जातो. आपण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींत धनुष्य ही बळाची कसोटी असते. जनकाच्या दरबारात भलेभले राजे शिवधनुष्य हलवूही शकले नाहीत आणि अवघड काम अंगावर घेणाऱ्याला आपण आजही ‘शिवधनुष्य उचललंस’ म्हणतो. मग जिममध्ये जाणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला कुणी २४ पौंडांचं धनुष्य दिलं, तर त्याला ते आपल्या ताकदीवर शंका घेतल्यासारखं वाटतं. तो ४५ मागतो. ओढतोही. एकदा, दोनदा, पाचदा. पण विसाव्या बाणाला त्याच्याकडे पाहावं.

धनुष्य धरलेला खांदा हळूहळू कानाकडे चढलेला असतो. दोरी हनुवटीपर्यंत येत नाही म्हणून मान पुढे जाते आणि चेहराच दोरीला भेटायला निघतो. कंबर मागे झुकते. बाणाचं टोक लक्ष्यावर स्थिर न राहता गोल गोल फिरतं. सगळ्यात वाईट म्हणजे दोरी सुटत नाही, ती हिसकली जाते. ‘आता धरवत नाही’ असं शरीर ओरडत असताना नेम लागायची वाट बघणार कोण? दोन-तीन आठवडे असे गेले, की ही घाई मेंदूत मुरते. पुढे हलकं धनुष्य दिलं, तरी लक्ष्य डोळ्यांसमोर येताच बोटं उघडतात. ही सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त काळ लागतो, हे कुठलाही जाणता प्रशिक्षक सांगेल.

दंडातली ताकद इथे फारशी कामाला येत नाही, हेही समजून घ्यायला हवं. धनुष्य नीट ओढलं जातं ते पाठीतल्या, दोन फऱ्यांच्या मधल्या स्नायूंनी. डंबेल उचलून कमावलेल्या दंडाला ही ओढ नवी असते आणि खांद्याच्या सांध्याभोवतीचे छोटे स्नायू तर रोजच्या जगण्यात एवढ्या भाराला कधी सामोरेच गेलेले नसतात. जड धनुष्याने दुखतात ते हेच. खांद्याच्या आत बारीक ठणका, हात वर करताना कळ, कधी कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखणं. वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत तर हा धोका कुठल्याही पालकाने पत्करू नये.

जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. त्याचा पुरावा मराठी माणसाच्या हातातच आहे: लेझीम. आज शाळेच्या पटांगणात १५ ऑगस्टला वाजते ती लेझीम मूळची तिरंदाजीच्या व्यायामाची. फारसी परंपरेतलं ते सरावाचं धनुष्य होतं. वाकवलेला दांडा, दोरीच्या जागी लोखंडी साखळी आणि साखळीत खुळखुळणाऱ्या चकत्या. त्याने बाण मारायचा नसतो, ताणून अंग तयार करायचं असतं. इराणच्या झूरखान्यांत, म्हणजे तिथल्या तालमींत, साखळीचं लोखंडी धनुष्य आजही डोक्यावर धरून डावी-उजवीकडे फिरवतात. तुर्की परंपरेतही नवशिक्याच्या हातात आधी येई ते ‘केपादे’ नावाचं अगदी मऊ धनुष्य. ते बाण न लावता पुन्हा पुन्हा ओढून हात, खांदा आणि बोटं यांची ठेवण पक्की होईपर्यंत खऱ्या धनुष्याला शिवायचं नाही, अशी शिस्त होती.

इंग्लंडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ साली राजासमोर दिलेल्या प्रवचनात आपल्या बालपणीची आठवण सांगितली होती. त्याच्या वडिलांनी त्याला वयाच्या आणि बळाच्या मापाची धनुष्यं आणून दिली आणि तो वाढला तशी धनुष्यंही मोठी होत गेली. याच काळातलं ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी युद्धजहाज १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडालं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात सव्वाशेहून जास्त अखंड धनुष्यं सापडली. त्यांचं पाउंडेज १०० ते १८५ च्या दरम्यान असावं, असा अंदाज आहे. आजचा तगडा ऑलिंपिकपटूही पन्नासच्या आसपास थांबतो, यावरून त्या आकड्याची कल्पना यावी. त्या जहाजावरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचा एक तुकडा नीट जुळलेलाच नव्हता. पोरवयापासून जड धनुष्यं ओढल्याची ती खूण असावी, असं अभ्यासकांचं मत आहे. एवढी प्रचंड धनुष्यं ओढणारी ती माणसंही लहानपणी हलक्या धनुष्यापासूनच चढत गेली होती आणि तरीही हाडांनी किंमत मोजलीच.

मग आकडा कोणता? आठ-दहा वर्षांच्या मुलाला १० ते १४ पौंड पुरतात. बारा ते चौदाच्या वयात १४ ते २०, तेही अंगकाठी बघून. मोठ्या मुलीला किंवा बाईला १८ ते २४. मोठ्या पुरुषाला २४ ते ३०, आणि तीस ही वरची मर्यादा समजावी. पन्नाशीत नव्याने शिकणाऱ्याने किंवा पूर्वी खांदा दुखावलेल्याने यातलाही खालचा आकडा धरावा. दोन आकड्यांत मन अडकलं, तर हलकं घ्यावं. हलक्या धनुष्याने नुकसान झालेला नवशिका शोधूनही सापडायचा नाही.

इथे पात्यावरच्या ओळीचा दुसरा अर्धा भाग कामाला येतो: २८ इंच. हे माप ठरावीक आहे, माणूस मात्र ठरावीक नसतो. पाचवी-सहावीतली मुलगी २८ इंच ओढतच नाही. तिचा हातच तेवढा मागे जात नाही. आपली ओढ किती, याचा ढोबळ हिशेब घरी करता येतो. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजायचं आणि त्याला अडीचने भागायचं. ६० इंच भरले, तर ओढ २४ इंच. साधारण वीस ते तीस पौंडांच्या धनुष्यात दर इंचामागे दोन पौंडांच्या आसपास फरक पडतो, जड धनुष्यात तो अडीच-तीनपर्यंत जातो. म्हणजे २४ पौंड लिहिलेलं धनुष्य या मुलीच्या हातात सोळाच पौंडांचं होतं. ते तिला चालेल. उलट, उंच आणि लांब हातांच्या तरुणाचे हात ७५ इंच भरले, तर त्याची ओढ ३० इंच आणि ‘३०’ लिहिलेलं धनुष्य त्याच्यासाठी ३४-३५ चं. एकाच दुकानातलं एकच धनुष्य बहिणीला हलकं आणि भावाला जड पडतं ते यामुळे.

लांब हातांच्या माणसाने धनुष्याची उंचीही बघावी. आखूड धनुष्य जास्त ओढलं, की शेवटच्या दोन-तीन इंचांत ताण एकदम वाढतो, दोरी भिंतीला लागल्यासारखी अडते. तोच आकडा उंच धनुष्यात कितीतरी मऊ लागतो.

बांबूच्या हातबनावटीच्या धनुष्यावर तर अनेकदा आकडा लिहिलेलाच नसतो, किंवा अंदाजाने लिहिलेला असतो. अशा वेळी सरळ वजन करावं. बाजारात मासे किंवा गॅसची टाकी तोलायला वापरतात तसला लटकवायचा डिजिटल काटा किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा पुरतो. आधी एका लांब बाणावर आपली ओढ पेनाने खुणेने दाखवायची: बाण दोरीला लावून, दोरी तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत सावकाश आणून, धनुष्याच्या पुढच्या कडेशी बाण जिथे येतो तिथे दुसऱ्याने खूण करायची. मग दोरी तशीच सावकाश परत न्यायची. आता काटा घराच्या आढ्याला किंवा मजबूत हुकाला टांगायचा, त्याच्या आकड्यात दोरीचा मध्य अडकवायचा आणि मूठ दोन्ही हातांनी धरून धनुष्य खाली ओढायचं. बाणावरची खूण मुठीच्या कडेला आली, की काट्यावरचा आकडा वाचायचा. किलोला २.२ ने गुणलं की पौंड मिळतात. दहा किलो आले, तर २२ पौंड. दहा मिनिटांचं काम, पण यात मिळतो तो आपल्या हाताचा खरा आकडा. छापलेल्या आकड्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवावा.

आकडा कळला तरी शेवटचा शब्द अंगाचा. सरळ उभं राहून धनुष्याचा हात खांद्याच्या रेषेत आधी उचलावा आणि मग ओढावं. आभाळाकडे तोंड करून, हिसका देऊन, अंगाचा झोका घेऊन दोरी मागे आली तर ते धनुष्य आपलं नव्हे. पहिल्या बोटाचं टोक ओठांच्या कोपऱ्याला टेकलं, की तिथे थांबून मनात दहापर्यंत मोजावं. हात कापू लागला, खांदा वर आला, श्वास अडकला, तर हलक्या धनुष्यावर उतरावं. थांबता आलं, तर दोरी सावकाश परत न्यावी. बाण नसताना दोरी कधीही सोडू नये, कारण बाणात जायची सगळी शक्ती मग पात्यांतच परत जाते आणि धनुष्य तडकू शकतं. हीच परीक्षा थोड्या थोड्या विश्रांतीने चार-पाचदा करावी. पाचवी वेळ पहिलीसारखीच गेली, तर धनुष्य घ्यायला हरकत नाही. आणखी एक जुनी कसोटी आहे: खुर्चीत बसून दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे आणि ओढायचं. पायांचा आणि कमरेचा आधार गेला, की उसनी ताकद लगेच उघडी पडते.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवची गोष्ट या संदर्भात प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या विकास भुजबळ या शिक्षकांनी मुलाला आधी पळायला लावलं. पुढे क्रीडा प्रबोधिनीतून तो अमरावतीला गेला आणि तिथे धनुर्विद्येकडे वळला. सुरुवात झाली बांबूच्या साध्या धनुष्यावर. आधुनिक रिकर्व्ह हातात आल्यावर किरकोळ अंगकाठीमुळे त्याचा खांदा स्थिर राहीना. ते अंग भरायला, खांदा बसायला वेळ जावा लागला. हाच प्रवीण २०१९ च्या जागतिक स्पर्धेत अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्यासोबत सांघिक रौप्य जिंकला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियन खेळाडूला त्याने ६-० ने हरवलं. नेमाची नजर त्याच्याकडे आधीपासून होती. खांद्याला मात्र वेळ द्यावा लागला.

भाराचा हिशेब एकदा कागदावर मांडला, की हलक्या धनुष्याचं महत्त्व आपोआप पटतं. ऑलिंपिकच्या पहिल्या फेरीत ७२ बाण मारायचे असतात. धनुष्य ४८ पौंडांचं धरलं, तर प्रत्येक बाणाला जवळपास २२ किलो, म्हणजे एकूण दीड टनापेक्षा जास्त ओढ. त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी असते. नवशिक्याने संध्याकाळी ६० बाण मारले, तर २२ पौंडांच्या धनुष्यावर सहाशे किलो होतात आणि ४० पौंडांच्या धनुष्यावर जवळपास अकराशे. चाळीसवाला दमून वीस बाणांवर थांबतो. शिकणं होतं ते बाणांच्या संख्येवर. रोज साठ बाण नीट मारणारा मुलगा वीस बाण कसेबसे मारणाऱ्याला वर्षभरात कितीतरी मागे टाकतो.

कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे हवा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जूनपासून चार महिने घरातलं मीठही ओलं राहतं. बांबू आणि लाकूड हवेतला ओलावा शोषतात, ओलावलेलं धनुष्य मऊ पडतं, ताणलेलं तसंच वाकून राहतं. उन्हाळ्यात २६ पौंड भरलेलं धनुष्य श्रावणात तेवढं भरेलच असं नाही. शिंग, लाकूड आणि स्नायूतंतू सरसाने चिकटवून केलेली जुनी धनुष्यं तर दमट हवेत सुटायची. मुघल काळात हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं बनू लागली, त्यामागे हेही एक कारण होतं. बाण ती तेवढ्या वेगाने फेकत नसत, पण दमट हवेत बिघडत नसत. बांबूचं धनुष्य पावसाळ्यात दोरी उतरवून, चुलीच्या धगीपासून दूर पण कोरड्या जागी आडवं ठेवावं आणि दिवाळीत पुन्हा काट्याला लावून बघावं. फायबरग्लासच्या पात्यांना ओलाव्याची भीती कमी, मात्र एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवली तर त्यांचे थर सुटू शकतात.

ज्यांना आपल्याच परसातल्या बांबूपासून पोरासाठी धनुष्य करून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी एक गणित. कोकणातला माणगा बराचसा भरीव, त्यामुळे जाड पट्टी निघते. बांबूची बाहेरची चिवट साल धनुष्याच्या पुढच्या, म्हणजे लक्ष्याकडच्या अंगाला ठेवतात, आणि कोयत्या-रंध्याने तासायचं ते आतलं अंग. पट्टीची रुंदी दहा टक्के कमी केली, तर जोर दहा टक्केच घटतो, पण जाडी दहा टक्के कमी केली तर तो सत्तावीस टक्के घटतो. पट्टी सगळीकडे दहा मिलिमीटर जाड असेल आणि चाळीस पौंड भरत असेल, तर एक मिलिमीटर तासल्यावर ती एकोणतिसावर येते. म्हणून कारागीर शेवटी शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडल्यासारखं हलकं काम करतो, प्रत्येक वेळी वाकवून बघतो. तासलेलं परत चिकटवता येत नाही. जड झालेलं धनुष्य मात्र हलकं करता येतं, हा बांबूचा मोठा गुण.

बाणही धनुष्याच्या जोराला साजेसा हवा. हलक्या धनुष्यावर कडक, जाड बाण लावला तर तो बाजूला जातो आणि नवशिका आपला नेम सुधारत बसतो. दुसऱ्या टोकाला, फार हलका बाण धनुष्याला रिकाम्या दोरीइतकाच घातक. पारंपरिक धनुष्यात दर पौंडामागे आठ ते दहा ग्रेन वजनाचा बाण चालतो. ३० पौंडांना हे सोळा ते एकोणीस ग्रॅम होतात. सोनाराच्या काट्यावर बाण ठेवला की कळतं. सराव कातळाच्या सड्यावर किंवा जांभ्याच्या गडग्यासमोर करायचा असेल, तर लक्ष्यामागे पेंढ्याच्या गठ्ठ्यांची रुंद भिंत उभी करावी. चुकलेला बाण दगडावर आपटून फुटतो किंवा उलट उसळतो.

पालकांची एक अडचण खरी आहे. मूल वाढतं, धनुष्य वाढत नाही. म्हणून शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा शिवावा तसं धनुष्यही ‘पुढे चालेल’ असं जड घेतलं जातं. गणवेश सैल असला तर चालतो, जड धनुष्य मात्र पहिल्याच दिवसापासून चुकीचं शिकवतं. यावर उपाय आहे. मूठ आणि पाती सुटी असणारं धनुष्य मिळतं, त्यात मूठ तीच ठेवून नुसती पाती बदलता येतात. काहींत स्क्रू फिरवून आठ-दहा टक्के जोर कमी-जास्तही करता येतो. चढायचं ते दोन-दोन पौंडांनी, फार तर चारांनी. केव्हा? संध्याकाळचे शेवटचे सहा बाण पहिल्या सहांइतकेच जवळजवळ बसू लागले आणि असं महिनाभर टिकलं, तेव्हा. मधल्या काळात रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून रोज ओढायचा सराव घरबसल्या होतो.

शाळेला किंवा गावच्या मंडळाला चार धनुष्यांपुरतेच पैसे जमले असतील, तर चारही एका मापाची घेण्याचा मोह होतो, कारण घाऊक भाव बरा पडतो. त्यापेक्षा १४, १८, २२ आणि २६ अशी घ्यावीत. पाचवीतली पोर चौदावर सुरू करील, तिचा भाऊ अठरावर, कॉलेजातला मुलगा बावीसवर, आणि सव्विसाचं धनुष्य पहिलं वर्षभर बहुतेक खुंटीलाच राहील. पहिल्या तुकडीतली मुलं वर चढली, की चौदाचं धनुष्य पुढच्या जूनमध्ये नव्या पाचवीच्या हातात जातं.